वारज्याची माती आणि पुण्याचा कचरा

वारज्यातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात कुदळीचा पहिला घाव घातला की काय हाती लागते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला तेथे टोमॅटो पिकविण्याची कल्पना थट्टेचीच वाटेल. वर चार बोटे लाल माती, तीही बाहेरून आणून पसरलेली. तिच्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे पोपडे, फुटक्या फरश्या, आणि त्याखाली रोलरने दाबून दगडासारखा केलेला मुरूम. १९९७ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी वारजे हे एक. मुठेच्या काठच्या या गावात त्याआधी शेते होती. शहर आले, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि पायाच्या खोदाईत मूळची काळी माती कोठे गेली याची चौकशी कोणीच केली नाही.

अशाच एका आवाराच्या कोपऱ्यात प्रस्तुत लेखकाने दोन वर्षांपूर्वी टोमॅटोची रोपे लावली. पहिल्या वर्षीची कहाणी फजितीची आहे. पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. जी थोडी फळे धरली त्यांची बुडे काळी पडून सडली. बागकामाच्या एका विलायती पुस्तकात उपाय लिहिलेला होता: चुना घाला, अंड्यांची टरफले कुटून घाला, लाकडाची राख घाला. सारे श्रद्धेने केले. रोपे अधिकच निस्तेज झाली.

चूक पुस्तकाची नव्हती, ते येथे वाचण्याची होती. ज्या देशांत पाऊस बारमाही पडून मातीतील चुना वाहून जातो, तेथील माती आम्लधर्मी बनते आणि तिला चुना मानवतो. आपल्या कोकणातील जांभ्याच्या मातीची प्रकृतीही अशीच आहे. घाटमाथ्याच्या पूर्वेकडे मात्र गोष्ट उलटी. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या या मातीत चुना मुळातच मुबलक असतो. काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे त्याची साक्ष देतात. त्यात बांधकामाच्या राडारोड्यातील सिमेंटची भर पडली की अल्कधर्म आणखी वाढतो. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि मग शेतकरी ज्याला केवडा पडणे म्हणतो तो प्रकार घडतो. चिमूटभर मातीवर शिरक्याचे चार थेंब टाकून पाहावेत. फसफसून बुडबुडे आले तर तेथे चुना घालणे म्हणजे मिठागरात मीठ नेऊन ओतणे होय.

मग फळांची बुडे का काळी पडतात? त्यांना चुनाच कमी पडतो, हे खरे. पण तो मातीत नसतो म्हणून नव्हे, तर फळापर्यंत पोहोचत नाही म्हणून. तो पाण्याबरोबर वर चढतो. एक दिवस चिखल आणि चार दिवस भेगा असा कारभार असला की ही वाहतूक तुटते. म्हणजे दोष पाण्याच्या अनियमितपणाचा, आणि त्यामागे पाणी धरून न ठेवणाऱ्या मातीचा. रोग फळावर दिसतो, उपचार मातीवर करावा लागतो.

तो उपचार एकच, आणि तो फुकटात मिळणारा आहे: पूर्ण कुजलेले सेंद्रिय खत. काळ्या चिकण मातीत ते कणांना रवाळ बनवून हवेला वाट देते. मुरमात तेच पाणी धरून ठेवते. दोन विरुद्ध दुखण्यांवर एकच औषध लागू पडावे, असे वैद्यकात क्वचितच घडते. चिकण माती सैल व्हावी म्हणून पुष्कळ लोक वाळू मिसळतात. थोड्या वाळूने काही साधत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखे ढेकूळ हाती येते.

पद्धत साधी, चिकाटी अवघड

रीत अशी. प्रथम वीतभर खोल खणून राडारोडा वेचून काढावा. या कामाला पर्याय नाही. तीन बोटे जाडीचा कुजलेल्या खताचा थर पसरून तो वरच्या वीतभर मातीत मिसळावा. पाणी साचू नये म्हणून वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा. पावसाळा सरता सरता महिन्याभराची रोपे दोन दोन फुटांवर लावावीत, काठीचा आधार द्यावा आणि बुंध्याभोवती वाळल्या पाल्याचे जाड आच्छादन घालावे. कडेला झेंडू असावा; फळ पोखरणारी अळी त्याच्याकडे ओढली जाते. पाणी थोडे, पण नेमाने द्यावे. कच्चे शेण किंवा न कुजलेला पाला मात्र मातीत गाडू नये. तो कुजविणारे जीवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि रोप उपाशी राहते.

या रीतीत नवे काहीच नाही. इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसविली आणि १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. आज ती 'इंदूर पद्धत' म्हणून देशोदेशी ओळखली जाते. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार भिंतींचे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच टाके करून अवघ्या शंभर किलो शेणात सुमारे तीन टन खत तयार करून दाखविले. 'नाडेप' हे त्या टाक्याचे नाव त्यांच्याच नावातील अक्षरांचे आहे. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने हेच शास्त्र सामान्य माणसाच्या अंगणात आणि गच्चीत नेले. महाराष्ट्राला हे ज्ञान बाहेरून आणावयाचे नव्हते; ते आठवावयाचे होते.

उंबऱ्यापलीकडचा प्रश्न

येथवर कोणी म्हणेल की हा फावल्या वेळेचा छंद झाला, अग्रलेखाच्या पानावर त्याचे काय काम? काम आहे. पुणे शहर दररोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निर्माण करते आणि त्यातील मोठा हिस्सा भाजीची देठे, साली, उरलेले अन्न यांचा असतो. हा ओला कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. तेथील विहिरी नासल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात त्या डेपोला आग लागली, ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या आणि सुमारे तीन आठवडे पुण्याच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. तेव्हा कोठे शहराला त्या गावांची आठवण झाली. वारज्याची माती ज्याच्यावाचून उपाशी आहे, तेच दुसऱ्या गावाच्या पाण्यात विष म्हणून उतरत होते. याला नियोजन म्हणावे काय?

ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. ही केवळ शिस्तीची बाब नाही. एकत्र झालेल्या कचऱ्याचे खत केले तर त्यात काचा, प्लॅस्टिक आणि बॅटऱ्यांतील जड धातू येतात; ते कोणी आपल्या ताटात येऊ देणार नाही. खताची प्रत स्वयंपाकघरातच ठरते. महापालिका गांडूळखत करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देऊ करते. पण कित्येक संस्थांत खताचे खड्डे परवानगीपुरते बांधले जातात आणि पुढे त्यांत जुन्या सायकली ठेवल्या जातात, हेही आपण रोज पाहतो. दुर्गंधीची तक्रार खरी असते, पण तिचे कारण बहुधा एकच: ओल्यावर पुरेसा वाळला पाला पडत नाही. आणि तो पाला आपण दर सकाळी कोपऱ्यात जाळतो!

अंगणातील टोमॅटोने शहराचे पोट भरणार नाही, हे मान्य करावयास हवे. ते काम जुन्नर-नारायणगावचा शेतकरीच करील. त्याचा माल एका हंगामात रस्त्यावर फेकला जातो आणि २०२३ च्या जुलैसारख्या महिन्यात शंभरी ओलांडतो, हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर प्रश्न आहे. परंतु ज्याने एक रोप वाढविताना तीन महिने जीव टांगणीला लावला आहे, तो मंडईत शेतकऱ्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालताना थोडा तरी थांबेल.

वारज्याच्या टेकडीवर वन विभागाने लोकांच्या साहाय्याने सोळा हेक्टरांहून अधिक ओसाड जमिनीवर नागरी वन उभे केले. २०२० मध्ये केंद्र सरकारने नगर वन योजना जाहीर केली, तेव्हा त्याचाच आदर्श पुढे ठेवला. उघडा माळ जर हिरवा होऊ शकतो, तर त्याच्या पायथ्याच्या इमारतींना आपल्या आवारातले चार वाफे का जमू नयेत?

दुसऱ्या वर्षी आमच्या कोपऱ्यात चुना पडला नाही. शेजारच्या बारा घरांच्या साली आणि आवारातला पाला पडला. पाने हिरवी राहिली. फळे फार मोठी नव्हती, पण त्यांची बुडे स्वच्छ होती. वाफा उकरला तेव्हा ओल्या मातीत गांडुळे दिसली. ती कोणी आणून सोडली नव्हती. माती बरी झाली की ती आपण होऊन परत येतात.