तुमच्या गाण्यांचा अंक काढताय?

गणपतीत सोसायटीत गाण्याचा कार्यक्रम होतो, धाकटी कीबोर्ड शिकते, आजी भजनी मंडळात झांजा वाजवतात. मग या सगळ्याचा एक छोटासा संगीत अंक काढायला काय हरकत आहे? पानं मांडायची ॲप्स मोबाइलवर आहेतच, तयार साचेही मिळतात. पण साच्यात फोटो टाकले की होतं काय, हाती येतं ते लग्नपत्रिका आणि सेलची जाहिरात यांच्या मधलं काहीतरी. मासिकासारखं मासिक दिसायला काही जुन्या पद्धती पाळाव्या लागतात, आणि त्या उगाच पडलेल्या नाहीत.

मुखपृष्ठापासून बघा. अंकाचं नाव वर का असतं? स्टेशनवरच्या स्टॉलवर अंक एकावर एक रचलेले असतात, दिसतो तो फक्त वरचा भाग. तुमचा अंक स्टॉलवर जाणार नाही, व्हॉट्सॲपवर जाईल. तिथे मुखपृष्ठ अंगठ्याएवढं दिसतं. म्हणून नाव मोठं, चेहरा एकच आणि आतल्या लेखांच्या ओळी तीन-चार, बस्स. ग्रुप फोटो मुखपृष्ठावर टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. टाळा. त्या आकारात वीस माणसं म्हणजे वीस ठिपके.

९ नोव्हेंबर १९६७ ही तारीख असलेला ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. त्यावर जॉन लेनन होता, पण हातात गिटार नव्हती. ‘हाऊ आय वन द वॉर’ या सिनेमातला तो फोटो, सैनिकाच्या वेशातला. ओळखीचा माणूस अनोळखी वेशात दिसला की हात आपसूक पान उलटतो. डोळे मिटून आलाप घेतानाचा फोटो छान असतो, पण तो आत वापरा. मुखपृष्ठावरच्या माणसानं शक्यतो वाचकाकडे बघावं.

आता आपल्या लिपीचं. इंग्रजी अंकांत शीर्षकाची अक्षरं सुटी सुटी, लांब लांब ठेवायची फॅशन आहे. मराठीत तसं केलंत तर शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मोठी-छोटी लिपी आपल्याकडे नाही, तेव्हा जोर द्यायचा तो आकार, जाडी आणि रंग यांनीच. लेखाचं पहिलं अक्षर मोठं करायची पद्धत जरूर उचला, पण ‘प्रत्येक’मधला ‘प्र’ अख्खा मोठा झाला पाहिजे. ‘किशोरी’ने लेख सुरू होत असेल तर वेलांटीसकट. ओळींमध्ये जागा जरा सैल सोडा, नाहीतर वरचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात. फॉन्ट दोनच घ्या, एक शीर्षकाला, एक मजकुराला. मुंबईच्या एक टाइपनं केलेले ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ फुकट मिळतात, जोडी म्हणून बरे दिसतात. रंगही दोन-तीनच, आणि तेच शेवटच्या पानापर्यंत.

संगीताच्या अंकाचं खास पान म्हणजे स्वरलिपीचं. हाथरसहून १९३५ पासून निघणारं हिंदी ‘संगीत’ किंवा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’, अशा अंकांच्या वाचकांना ही पानं ओळखीची. तीनतालाच्या सोळा मात्रा एका ओळीत मोबाइलवर मावत नाहीत. आठ-आठच्या दोन ओळी करा, समेवर फुली, खालीला शून्य. मंद्राचा बिंदू स्वराखाली, तारसप्तकाचा वर, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. ही चिन्हं ॲपमध्ये नीट बसवता बसवता जीव मेटाकुटीला येतो. सरळ पांढऱ्या कागदावर सुवाच्य लिहा आणि उजेडात फोटो काढा. ते पान उलट जास्त देखणं होतं.

मुलाखतीत प्रश्न ठळक आणि उत्तर साधं ठेवा. लांब लेखात मधेच एखादं चांगलं वाक्य मोठ्या अक्षरात उचलून घ्या, दमलेल्या डोळ्याला तेवढाच पार. आणि आवडत्या भावगीताचे सगळे शब्द छापू नका. आपल्याकडे कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांची गीतं २०३७ संपेपर्यंत परवानगीशिवाय नाहीत. गाण्याबद्दल लिहा, आठवणी लिहा, त्याला कुणाची ना नाही.

छापायचा असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. ए-फोरचे चार कागद दुमडून मधे पिना मारल्या की सोळा पानांचा सुबक अंक तयार. फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर छपाईत ते फाटल्यासारखे येतात.

राहिली फोटोओळ. सगळ्यात छोटी अक्षरं, आणि आमची चूक तिथेच झाली. आमच्या पहिल्या अंकात गायिकेचा पानभर फोटो होता, खाली तिचं नाव, गाण्याचं नाव, तारीख. शेजारी तबल्यावर बसलेल्या काकांचं नाव कुणालाच सुचलं नाही. ते वीस वर्षं सगळ्यांना साथ करत होते. अंक हातात घेऊन आले, फोटो बोटानं दाखवला, ‘छान आलाय’ म्हणाले आणि गेले. पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं.

दुसऱ्या अंकात आम्ही आधी फोटोओळी लिहिल्या. डावीकडून उजवीकडे, साथीदार, तानपुऱ्यावर बसलेली मुलगी, माइक लावणारा, फोटो काढणारा, सगळे. मग प्रत्येकाला फोन करून नाव कसं लिहायचं ते विचारलं. काकांना फोन मीच केला. त्यांनी आडनावातला एक ऱ्हस्व उकार दीर्घ करायला सांगितला, आणि अंकाच्या पाच प्रती बाजूला ठेवायला.