परत येण्याची खात्री: मुंबईतून मिळणाऱ्या अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाचा मागोवा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मुंबईहून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या सामान्य माणसाची मोठी अडवणूक परक्या वकिलातीत नव्हे, तर स्वदेशी सरकारच्या दारात होत असे. पासपोर्ट देणे न देणे हा शासनाच्या मर्जीचा विषय मानला जाई; १९६७ साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवासाचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा झाला. परकीय चलनाच्या टंचाईमुळे प्रवाशाला अनेक वर्षे अवघे आठ डॉलर सोबत नेता येत, आणि ‘पी फॉर्म’ला, म्हणजे प्रवासासाठी रिझर्व्ह बँकेकडे करावयाच्या अर्जाला, मंजुरी मिळाल्यावाचून विमानाचे तिकीट निघत नसे. पुढे या अटी एकेक करून सैल होत गेल्या, तसतसा निर्णयाचा भार परक्या देशाच्या खिडकीकडे सरकत गेला.

अमेरिकेच्या बाबतीत ही खिडकी ज्या कायद्यावर उभी आहे, तो १९५२चा आहे. त्यातील २१४(ब) या कलमानुसार तात्पुरत्या भेटीसाठी येणारा प्रत्येक अर्जदार कायम वास्तव्याच्याच हेतूने येत आहे असे गृहीत धरले जाते, आणि हे गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याच्यावर असते. व्यवसायाच्या कामासाठीचा ‘बी-१’ आणि पर्यटन वा नातेवाइकांच्या भेटीसाठीचा ‘बी-२’ हे दोन्ही व्हिसा, जे भारतात बहुधा एकत्रच दिले जातात, या कसोटीखाली येतात. १९६५च्या सुधारणेने राष्ट्रीयत्वावर आधारलेला जुना कोटा संपवला; त्यानंतर महाराष्ट्रातून गेलेले डॉक्टर आणि इंजिनिअर तिकडे स्थिरावले, आणि मग मुलीच्या बाळंतपणासाठी, नातवंडांना भेटण्यासाठी त्यांच्या आईवडिलांचे अर्ज येऊ लागले. घर, नोकरी, जमीनजुमला, कुटुंब हे मायदेशाशी असलेले बंध दाखवावेत, अशी या कसोटीची अपेक्षा आहे. कमावत्या वयाच्या अर्जदाराला ते कागदावर दाखवता येते. पण जिच्या नावावर घर नाही, उत्पन्न नाही आणि जिची मुले परदेशातच आहेत, अशा विधवा आईला गाव, शेजार, देवघर यांच्यातली आपली मुळे कोणत्या दाखल्याने सिद्ध करावीत, याचे उत्तर कायद्यात नाही, आणि ही त्याची गंभीर उणीव मानली पाहिजे.

ब्रीच कँडीच्या समुद्रालगतचे लिंकन हाऊस, म्हणजे वांकानेरच्या महाराजांचा पूर्वीचा महाल, जिथे अमेरिकेची वकिलात होती, २०११पर्यंत या अर्जदारांचे गंतव्य होते. आत बसण्याची सोय मर्यादित असल्याने उन्हापावसात फुटपाथवर लागणारी रांग दक्षिण मुंबईच्या ओळखीची झाली होती. याच शहरात २००१ साली व्हीएफएस या कंपनीचा जन्म झाला. अर्ज स्वीकारणे, तपासणे, पासपोर्ट परत पोचवणे ही कारकुनी कामे तिने अमेरिकेच्या वकिलातीसाठी प्रथम हाती घेतली आणि निर्णयाचा अधिकार तेवढा वकिलातीकडे राहिला. अमेरिकेवरील २००१च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुलाखतीतील सवलती आक्रसल्या, बोटांचे ठसे अनिवार्य झाले. २०१०मध्ये कागदी अर्जाची जागा ‘डीएस-१६०’ या ऑनलाइन फॉर्मने घेतली, २०११च्या अखेरीस वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली, आणि २०१२पासून ठसे-छायाचित्रासाठी एक खेप व मुलाखतीसाठी दुसरी, अशी विभागणी झाली. फुटपाथवरची रांग ओसरली खरी, परंतु सोलापूर-नांदेडहून येणाऱ्या वृद्ध दांपत्याला त्यासाठी मुंबईत मुक्काम करणे भाग पडू लागले.

प्रत्यक्ष मुलाखत काही मिनिटांत आटोपते. काचेपलीकडचा अधिकारी मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, असे मोजके प्रश्न विचारतो. मराठीतून बोलण्याची सोय मुंबईत आहे, आणि ती फार मोलाची आहे. बँकेची पासबुके, सातबारा, निवृत्तिवेतनाचे कागद यांनी फुगलेली फाइल बहुतेकदा उघडलीही जात नाही, कारण निर्णय मुख्यतः फॉर्ममधील माहितीवर आणि तोंडी उत्तरांवर होतो. नकार मिळाल्यास त्यावर अपील नसते. नवे शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो, एवढेच. होकार मिळाल्यास व्हिसा सहसा दहा वर्षांचा असतो, मात्र ही मुदत अमेरिकेच्या दारापर्यंत पोचण्याची आहे. आत किती काळ राहता येईल हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि तो काळ बहुधा सहा महिन्यांपर्यंतचा असतो. हा भेद नीट न कळल्याने मुदतीपलीकडे राहून पुढचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो.

मार्च २०२०मध्ये करोनामुळे नेहमीचे कामकाज थांबले, आणि २०२२च्या अखेरीस प्रथमच अर्ज करणाऱ्यासाठी मुंबईतील प्रतीक्षा नऊशे दिवसांच्या पुढे गेली. ‘डेट’ मिळवण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे रात्रीअपरात्री संकेतस्थळ उघडून बसू लागली. मुलीचे बाळंतपण होऊन नातू चालू लागला तरी आजीची तारीख उजाडत नव्हती. जानेवारी २०२३पासून शनिवारीही मुलाखती घेण्यात आल्या, काहींना बँकॉकला जाऊन अर्ज करण्याचा मार्ग सुचवला गेला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये शुल्क १६० डॉलरवरून १८५ डॉलर झाले. सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या वा वास्तव्याच्या देशातूनच अर्ज करावा, असे धोरण आल्याने बँकॉकची वाट बंद झाली. मुलाखतीविना पासपोर्ट जमा करण्याची सोय, जिला सर्वजण ‘ड्रॉपबॉक्स’ म्हणतात, तीही पुष्कळ आक्रसली: जुना व्हिसा संपून बारा महिने उलटलेले नसतील तर नूतनीकरणाला ती अजून लागू होऊ शकते, पण ऐंशी वा त्याहून अधिक वयाच्या अर्जदारांना केवळ वयामुळे मिळणारी माफी संपली असून प्रथमच अर्ज करणाऱ्या पणजीलाही आता वांद्रे-कुर्ला संकुलातील खिडकीपुढे स्वतः उभे राहावे लागते.