सीताबर्डीची टेकडी आणि पृथ्वीचे वय

नागपूरची सीताबर्डीची टेकडी इतिहासाच्या विद्यार्थ्याला १८१७ सालच्या लढाईमुळे ठाऊक असते. भोसल्यांचा पराभव आणि वरचा किल्ला, एवढ्यावर तिची ओळख संपते. पण त्या लढाईला चाळीस वर्षेही लोटली नव्हती, तोच स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने त्याच टेकडीत एक निराळा इतिहास वाचावयास प्रारंभ केला होता. वर काळा कातळ, खालीही काळा कातळ आणि या दोहोंच्या मध्ये गोड्या पाण्यातील गाळाचा एक पातळ थर, अशी तिची रचना आहे. जवळच्या टाकळी येथे तसाच थर होता. त्यात गोगलगाईंचे शंख, फळे, बिया आणि पाने दगड होऊन पडलेली होती.

काळा कातळ म्हणजे थिजलेला शिलारस. मग शिलारसाच्या दोन लोटांमध्ये तळे आले कोठून? पहिला लोट थंड झाला, त्याच्या खळग्यांत पावसाचे पाणी साचले, काठाला झाडे उगवली, गोगलगाईंच्या पिढ्यांमागून पिढ्या जगल्या आणि मेल्या, गाळ बसत गेला. आणि मग केव्हातरी दुसरा लोट येऊन हे सारे त्याखाली गाडले गेले. याहून वेगळे उत्तर संभवत नाही. हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी हा वृत्तांत १८५५ साली प्रसिद्ध केला.

येथपर्यंतचा तर्क शेतकऱ्यालाही पटेल असा आहे. कणगीत तळाचे धान्य आधी पडलेले असते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंट येथे १७८८ साली जेम्स हटनने उभ्या थरांवर आडवे थर बसलेले पाहिले आणि पृथ्वीचा काळ काही सहस्र वर्षांत मावणारा नाही, हे त्याला त्या खडकावरून उमगले. पुढे कालव्यांच्या खोदाईवर देखरेख करणाऱ्या विल्यम स्मिथने प्रत्येक थराचे जीवाश्म ठरलेले असतात हे ओळखले आणि १८१५ मध्ये त्या आधारे इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा सिद्ध केला. परंतु एक गोष्ट येथे निक्षून सांगितली पाहिजे, कारण पाठ्यपुस्तके ती नेमकी गाळतात. थर आणि जीवाश्म क्रम सांगतात, वर्षे सांगत नाहीत. कोण आधी व कोण नंतर, एवढेच त्यांचे म्हणणे. पृथ्वीच्या आरंभीच्या काळाचा तर एकही जीवाश्म हाती नाही.

या मर्यादेचा प्रत्यय आपल्याच खडकाने दिला. महाराष्ट्राच्या चार पंचमांशांहून अधिक भूभागावर पसरलेला दख्खनचा कातळ केव्हाचा, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. टाकळीच्या शंखांवरून हिस्लॉपने तो इओसीन काळातला, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचा ठरविला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ब्लॅनफर्ड प्रभृतींचा कल त्याआधीच्या क्रिटेशस काळाकडे होता. बिरबल सहानी यांच्यासारख्या श्रेष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये अश्मीभूत वनस्पतींच्या साक्षीने पुन्हा इओसीनचा पक्ष घेतला. हिस्लॉपला या वादाचा शेवट दिसावयाचा नव्हता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला.

वर्षे मोजणारे घड्याळ मिळाले ते किरणोत्साराच्या शोधानंतर. त्यापूर्वी लॉर्ड केल्व्हिनने पृथ्वी थंड होण्याचे गणित मांडून तिचे वय १८९७ पर्यंत दोन ते चार कोटी वर्षांवर आणून ठेवले होते. गणित निर्दोष होते, गृहीत चुकले होते. आणि केल्व्हिनच्या दबदब्यापुढे भूशास्त्रज्ञ बराच काळ दबून राहिले, हेही नमूद केले पाहिजे. युरेनियमचे शिसे होण्याचा वेग ठरलेला असतो. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचा निम्मा साठा संपण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. खडकातील दोहोंचे प्रमाण मोजले की वय निघते. क्लेअर पॅटर्सनने १९५६ मध्ये उल्कापाषाणांतील शिशाच्या मोजणीवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. त्या आकड्यात आजतागायत नाव घेण्याजोगा फरक पडलेला नाही.

याच जातीच्या घड्याळांनी दख्खनच्या कातळाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे दाखविले. क्रिटेशसचा शेवट आणि डायनोसॉरांचा अंत तोच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत लोटांच्या मधल्या थरांतून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचण्यात आले आणि या कातळाचा बहुतांश भाग सुमारे साडेसात लाख वर्षांतच ओतला गेला असे दिसले. हिस्लॉपने तळे पाहिले तेही लोटांच्या मधल्या जागेतच. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे या कातळाखालच्या थरात डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे अवशेष असल्याचे २००५ साली सिद्ध झाले आणि गवत डायनोसॉरांनंतरचे, हा समज त्या शेणाने मोडीत काढला.

ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, म्हणून हे आपल्याला आधीच ठाऊक होते, असे सांगणारे वक्ते गणेशोत्सवात हमखास भेटतात. आकडे जवळ आले हे खरे. परंतु ४३२ कोटींपर्यंत कोणत्या खडकावरून पोहोचता येते, ते त्यांना विचारावे. आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने ग्रंथाच्याच आधारे इ.स.पू. ४००४ हे वर्ष काढले होते. त्याची पद्धत याहून फारशी वेगळी नव्हती. जुळला नाही तो केवळ आकडा.

शाळेत तरी निराळे काय घडते? आकडा फळ्यावर येतो, वहीत जातो आणि गुण देऊन विसरला जातो. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्र लिहून निषेध नोंदविला. तो रास्तच होता. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला तो भाग पुन्हा भेटावयाचा नाही. मात्र पुस्तकात जे उरले आहे तेही खडकाशिवायच शिकविले जाते. महाबळेश्वरच्या घाटात रस्त्याच्या कडेला काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा उघडा पडलेला दिसतो. दोन लोटांच्या मधल्या विरामात झिजून झालेली ती माती आहे. दर हिवाळ्यात शाळांच्या सहली त्यावरून पुढच्या पॉइंटकडे जातात. तेथे एस.टी. दहा मिनिटे थांबविण्यास वेगळा खर्च येत नाही.