कोजागिरीचा प्रश्न आणि कृष्णाकाठचे आकाश

आश्विन शुद्ध पौर्णिमेच्या मध्यरात्री साक्षात लक्ष्मी भूतलावर उतरते आणि दारोदारी ‘कोण जागे आहे?’ असा प्रश्न करते, अशी श्रद्धा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांतून आणि सांगलीत कृष्णेच्या घाटालगतच्या वाड्यांतून आज गच्च्यागच्च्यांवर केशर-वेलदोड्याचे दूध आटेल. त्यात चंद्राचे प्रतिबिंब पाहून नैवेद्य होईल. मग गाणी, भेंड्या, पत्ते. जागरण यथासांग घडेल; परंतु दुधातला चंद्र पाहून झाल्यावर पुन्हा एकदा मान वर करून आकाशाकडे पाहणारे आपल्यापैकी किती निघतील? आजच्या मंगल दिनी हाच प्रश्न आम्ही वाचकांपुढे, आणि प्रथम स्वतःपुढे, ठेवीत आहो.

महिन्याचे नाव आकाशात

आपले सण आकाशाने ठरविलेले आहेत. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला म्हणजे एक तिथी पुरी होते. घटस्थापनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मावळतीला दिसणारी नाजूक कोर, अष्टमीचा अर्धा चंद्र, दसऱ्याला सोने लुटून परतताना डोक्यावर असलेला त्याहून मोठा चंद्र आणि आजचे पूर्णबिंब, ही सारी एकाच क्रमाची पावले होत. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्याचेच नाव महिन्याला मिळते. आज तो अश्विनीच्या परिसरात आहे म्हणून हा आश्विन. त्रिपुरी पौर्णिमेला तो कृत्तिकांजवळ असेल म्हणून कार्तिक, आणि दत्तजयंतीला मृगाजवळ म्हणून मार्गशीर्ष. दिनदर्शिकेच्या पानावर छापलेले हे शब्द आकाशात प्रत्यक्ष वाचता येतात, हे घरातील मुलांना एकदा तरी दाखविले पाहिजे.

शाळामास्तरांची परंपरा

पंचांग आणि आकाश यांची गाठ एकदा सुटू लागली होती. गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ इ. स. १५२० च्या सुमाराचा. त्याने गणित सोपे केले आणि शतकानुशतके पंचांगे त्यावरच चालली. पण कोणत्याही गणितात काळाबरोबर सूक्ष्म चुका साठत जातात. एकोणिसाव्या शतकात पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण यांच्या वेळांत अंतर पडू लागले. हे अंतर दूर करण्यासाठी जे झटले, त्यांच्यापैकी बरेच जण शाळांतून आणि महाविद्यालयांतून शिकविणारे होते. केरूनाना छत्रे हे गणिताचे प्राध्यापक. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ साली प्रसिद्ध झालेला थोर ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक. ‘ज्योतिर्गणितम्’कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी बागलकोटच्या शाळेत अध्यापन केले. नेपच्यूनच्या पलीकडेही ग्रह असावेत, असे गणित त्यांनी मांडले व १९११ साली ते फ्रान्समधील ज्योतिष सभेच्या पत्रिकेत छापून आले. प्लूटोचा शोध लागला तो १९३० साली, आणि केतकर त्याच वर्षी निवर्तले.

या प्रयत्नांत सांगलीचाही वाटा आहे. लोकमान्य टिळकांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात पंचांगशोधनासाठी ज्योतिष संमेलन भरले, ते सांगलीस. राशिचक्राचा आरंभ कोणत्या बिंदूपासून मोजावा, हा वाद होता. एक पक्ष रेवतीच्या तारकेचा, दुसरा चित्रेचा. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते आणि एवढ्यावरून अधिक मास बदलून सणही पुढे-मागे होऊ शकतो. लोकमान्य रेवतीच्या पक्षाचे होते. टिळक पंचांग आजही त्याच मार्गाने चालते. विशेष असे की, ती रेवतीची तारका आजच्या चंद्रापासून फार दूर नाही. मात्र ती इतकी मंद आहे की काळोख्या रात्रीही जेमतेम दिसावी, मग चांदण्यात ती कशी गवसणार? ज्या तारकेवरून थोरामोठ्यांनी एवढा वाद केला, ती आपण एकदा डोळ्यांनी पाहिली आहे काय?

सावलीचा मार्ग

आपल्या या भूमीवरून दोनदा खग्रास सूर्यग्रहणाची सावली गेली, हेही आपण विसरून गेलो आहो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्गाकडून आलेली सावली सांगली-मिरजेचा प्रदेश झाकून पूर्वेकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पावसाळी ढगांच्या फटींतून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. याच ग्रहणाच्या वेळी सूर्यप्रकाशात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम वायूचा शोध लागला. त्यानंतर २२ जानेवारी १८९८ रोजी विजयदुर्गाहून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे निघालेली सावली सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून, कऱ्हाडच्या कृष्णा-कोयना संगमाच्या परिसरातून गेली. जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे संशोधक दुर्बिणी रोखून उभे होते.

पौर्णिमेला ग्रहण

अलीकडची गोष्ट सांगतो. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी कोजागिरीच्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण आले. दूध आटवावे की नाही, नैवेद्य केव्हा दाखवावा, असे प्रश्न घरोघर उभे राहिले. आम्ही त्या रात्री सांगलीस गावभागात आत्याबाईंकडे होतो. आत्याबाईंचे वय ऐंशीच्या पुढे. वेध लागल्यापासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. नातवंडे गच्चीवर जाण्यासाठी हट्ट धरून बसली होती आणि ग्रहणात मुलांनी उघड्यावर जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. घरात थोडा ताण निर्माण झाला. आम्ही एवढेच म्हणालो, “आत्याबाई, ग्रहणात जप करावा असे तुम्हीच शिकविलेत. तो गच्चीवर बसून केला तर चालेल ना?” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “जपाला जागेचे बंधन नाही. चला, मीही येते.”

घोंगडी अंथरून त्या माळ घेऊन बसल्या. जवळच गुरू तेजाने तळपत होता. पंचांगात स्पर्शाची वेळ एक वाजून पाच मिनिटे दिली होती. धाकटा नातू घड्याळ धरून उभा होता. त्या वेळेनंतर थोड्याच अवकाशात बिंबाच्या कडेला अंधुक खाच पडली. “आजी, लागले!” तो ओरडला. चंद्राचा जेमतेम आठवा हिस्सा झाकला गेला असेल. पण त्या सावलीची वाटोळी कड स्पष्ट दिसत होती. ती आपल्याच पृथ्वीची सावली, हे मुलांना सांगताच ती गप्प झाली. दोन वाजून तेवीस मिनिटांनी मोक्ष झाला, तोही पंचांगाबरहुकूम. आत्याबाई स्नानाला उठता उठता म्हणाल्या, “इतकी ग्रहणे झाली, मी सारी देवघरातच काढली. असे असते होय!” त्यानंतर दूध तापले, नैवेद्य झाला. आचार त्यांनी काडीइतकाही सोडला नाही आणि आकाशही पाहिले.

आज रात्री काय पाहाल?

चंद्र आणि चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहणे पूर्णतः निर्धोक आहे. सूर्यग्रहण मात्र खास गाळणीवाचून कदापि पाहू नये. दुर्बीण नसली तरी अडत नाही. आज प्रथम चंद्र हाताच्या पंजाआड झाका. उत्तरेस शर्मिष्ठा पाहा, तिच्या अनुरोधाने ध्रुव शोधा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून तो क्षितिजापासून सुमारे सतरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या पावणेदोन मुठींइतक्या उंचीवर दिसतो. पूर्वेस कृत्तिका व रोहिणी, उत्तररात्री मृग आणि व्याध, आणि त्यांच्यामागून दक्षिणेस अगस्त्य. तारे अधिक पाहावयाचे तर वद्य पक्षातील एखादी काळोखी रात्र निवडावी आणि यवतेश्वराकडे अथवा मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगराकडे जावे. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश घेऊन देवयानीची दीर्घिका तिथे धूसर ठिपक्यासारखी नुसत्या डोळ्यांनाही दिसते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांचे हेच काम नेटाने करीत आली आहे.

जाणते आकाश आज शहरांतून झपाट्याने दिसेनासे होत चालले आहे. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, त्सुचिन्शान-अॅटलस हा धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटर अंतरावरून गेला. पुढील काही दिवस तो सायंकाळी पश्चिमेस दिसत होता. परंतु रस्त्यांवरच्या झगमगाटात किती घरांतून तो पाहिला गेला? म्हणून वाचकांना आमची एकच विनंती आहे. आज नैवेद्य झाल्यावर गच्चीवरचे दिवे घटकाभर मालवावेत, मुलाबाळांना जवळ घ्यावे आणि सर्वांनी मिळून वर पाहावे. लक्ष्मीचा प्रश्न ऐकू येईल तेव्हा आपण नुसते जागे नव्हे, तर डोळे उघडे ठेवून जागे आहो, असे उत्तर देता आले पाहिजे.