मागच्या चाकाला स्प्रिंग हवी का?

"सर, पुढेमागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घेऊ, की नुसती पुढे असलेली?"

नववीतल्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही चटकन उत्तर देऊन मोकळे झालो नाही, हे बरे झाले. तिचे घर शाळेपासून सात किलोमीटरवर आहे. त्यातला निम्मा रस्ता कच्चा, मध्ये एक खडी चढण. बक्षिसाचे आणि आजीने दिलेले असे पैसे जमवून ती सायकल घेणार होती, आणि ते पैसे एकदाच खर्च होणार होते. दुकानात दोन सायकली तिच्या मनात भरल्या होत्या. एकीचा पुढचा चिमटा स्प्रिंगचा आणि मागचे चाक फ्रेमला घट्ट बसवलेले. दुसरीला पुढे स्प्रिंग होतीच, शिवाय सीटखाली लालभडक रंगाची आणखी एक जाड स्प्रिंग होती. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी. दोन स्प्रिंगा एकीच्या भावात मिळत असतील तर दोन का घेऊ नयेत, हा तिचा हिशेब. वरवर पाहता तो बिनतोड आहे.

पहिल्या प्रकाराला हार्डटेल म्हणतात आणि दुसऱ्याला फुल सस्पेन्शन. हे दोन्ही माउंटन बाइकचे प्रकार. गंमत म्हणजे माउंटन बाइक जन्मली तेव्हा तिला पुढे किंवा मागे कुठेच स्प्रिंग नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जाडजूड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. १९७६ मध्ये त्यांनी तिथल्या एका मातीच्या वाटेवर शर्यती सुरू केल्या. साडेतीन किलोमीटरांच्या आत सुमारे चारशे मीटरचा उतार! उलटे पायडल मारून लागणारा मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्याने भरावा लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. स्प्रिंगचा चिमटा खऱ्या अर्थाने रुळला तो पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनी सुरू केल्यानंतर. मागच्या चाकाची स्प्रिंग नीट जमायला त्याहूनही बराच वेळ लागला. का लागला, हे कळले की त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ हाती येते.

आधी स्प्रिंगचे काम काय ते पाहू. 'धक्के बसू नयेत म्हणून' असे उत्तर वर्गातून येईल. ते चूक नाही, पण अर्धे आहे.

समजा, वाटेत एक उंचवटा आहे. उंची ५ सेंमी, आणि ही उंची गाठायला चाकाला ५० सेंमी पुढे जावे लागते. सायकलचा वेग ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तेव्हा ही चढण ०.१ सेकंदात संपते. सोयीसाठी असे धरू की पहिल्या निम्म्या वेळात चाकाला वरच्या दिशेने वेग मिळतो आणि उरलेल्या निम्म्या वेळात तो कमी होत माथ्यावर शून्य होतो. म्हणजे ०.०५ सेकंदात २.५ सेंमी. आपल्या नेहमीच्या सूत्राने त्वरण येते २० मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट. वेग दुप्पट केला तर वेळ निम्मा होतो आणि त्वरण चौपट, म्हणजे ८०. (टायरची लवचीकता आणि चाकाचा गोलावा आपण इथे सोडून दिला आहे. प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतील.)

स्वार आणि सायकल मिळून ८३ किलो धरली, तर मागच्या चाकावर साधारण ५० किलोंचा भार येतो. हा भार फ्रेमला जखडलेला असेल, तर पहिल्या निम्म्या चढणीत एरवीच्या वजनाखेरीज आणखी ५० × २० = १००० न्यूटन बल लागते. ते सीटमधून थेट पाठीच्या कण्याला पोचते. हा झाला धक्का. पण खरी मौज उरलेल्या निम्म्या चढणीत आहे. तिथे जमिनीचा आकार सांगतो, 'वर जाण्याचा वेग २० च्या दराने कमी कर.' चाकाला खाली ओढणारे असते फक्त गुरुत्वाकर्षण, आणि त्याचा दर ९.८. मग चाक जमिनीचे ऐकत नाही. ते हवेत उडते. हिशेब मांडून पाहिला तर या उंचवट्यावर ताशी सुमारे साडेबारा किलोमीटरच्या वर चाक जमीन सोडू लागते.

हवेतल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नाही, वळवून उपयोग नाही आणि पायडल मारूनही नाही. खडबडीत उतारावर सायकलस्वार पडतो तो बहुधा धक्क्याने नव्हे, तर नेमक्या गरजेच्या क्षणी चाक जमिनीवर नसल्यामुळे.

आता फ्रेम आणि मागचे चाक यांच्यात स्प्रिंग घालू. चाक, टायर आणि त्यांना धरणारा मागचा हलता भाग मिळून समजा ४ किलो. बाकीचे सारे स्प्रिंगच्या वर. ही स्प्रिंग मुळातच सुमारे ४९० न्यूटन भाराने दबलेली आहे आणि तेवढ्याच बलाने ती चाकाला खाली रेटते आहे. ४ किलोंच्या वस्तूवर ४९० न्यूटन म्हणजे त्वरण १२० च्या आसपास. हवे होते २०! ताशी ३६ किमी वेगाला ८० लागले असते, तेही यात बसते. म्हणून चाक जमिनीला चिकटून चढते आणि उतरते, वरचा माणूस मात्र जवळजवळ त्याच पातळीवर सरकत राहतो. जे खालीवर व्हायचे ते शक्य तितके हलके असावे, यात सस्पेन्शनचे निम्मे शास्त्र आले. मोटारगाडीलाही हेच लागू आहे.

मग हार्डटेलवाले काय करतात? ते उठून उभे राहतात. पायडलवर उभे राहून गुडघे सैल सोडले की पाय हीच स्प्रिंग होते. तेव्हा खालीवर होते ती नुसती सायकल, शरीर नव्हे. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये इटलीच्या मार्को फोंतानाची सीट शेवटच्या फेरीत निखळून पडली. पठ्ठ्याने उरलेले अंतर उभ्यानेच कापले आणि कांस्यपदक मिळवले. पण पाय ही स्प्रिंग फुकट नाही. ती दमते. शिवाय चढावर बसून पायडल मारताना ती वापरता येत नाही आणि प्रत्येक दगड सीटवरच्या माणसाला वर उचलतो. ५० किलो ५ सेंमी उचलायला सुमारे २५ जूल लागतात. सेकंदाला असे दोन दगड आले तर ५० जूल. सगळेच वाया जात नाहीत, थोडे परत मिळतात. पण तासभर दीडशे वॅट देणाऱ्या सायकलस्वाराला हा चोरटा खर्च जाणवतोच.

म्हणूनच ऑलिंपिकमधली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फुल सस्पेन्शन म्हणजे जड, चढाला निकामी, असे शर्यतवाले वर्षानुवर्षे मानत. लंडनला स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर हार्डटेलवर होता आणि चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर. कुल्हावी अवघ्या एका सेकंदाने जिंकला. चार वर्षांनी, २०१६ मध्ये रिओला शुर्टरने सुवर्णपदक घेतले, आणि तेव्हा तोही फुल सस्पेन्शनवर होता. एका सेकंदावरून सिद्धांत मांडू नये हे खरे, पण वजनाचा बाऊ किती खोटा आहे हे आपल्याला कागदावरही दिसते. २ किलो जास्त वजन ३०० मीटर चढवायला सुमारे ५,९०० जूल लागतात, म्हणजे दीडशे वॅटने ४० सेकंदांचे काम. मुळात ८३ किलो तेवढे चढवायलाच २७ मिनिटे लागतात.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग त्या मुलीने लाल स्प्रिंगवाली सायकल घ्यावी हे ठरलेच. थांबा. शुर्टरच्या सायकलला मागे नुसती स्प्रिंग नव्हती.

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि तशीच्या तशी परत देते. दगडाने ती दाबली की नंतर ती आपल्याला उडवते, पुन्हा दबते, पुन्हा उडवते. हे थांबवायला अवमंदक लागतो. एका नळीत तेल, त्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. तेल भोकांतून ढकलले जाताना गतिज ऊर्जेची उष्णता होते आणि हिंदकळणे एक-दोन हेलकाव्यांत संपते. किंमत असते ती या नळीची, तिच्या सीलांची आणि मागचा भाग ज्या बिजागऱ्यांवर फिरतो त्यांच्या बेअरिंगांची. बिजागरी कुठे बसवायची हाही मोठा प्रश्न आहे, कारण चेनचा ताण तिच्या जागेनुसार मागची स्प्रिंग दाबू शकतो किंवा ताणू शकतो. अभियंत्यांची खरी वर्षे यातच गेली.

अवमंदक नसला तर काय होते? स्प्रिंगवर टांगलेल्या वस्तुमानाचा दोलनकाल २π√(m/k) असतो. आणि भाराने स्प्रिंग जितकी बसते, ते अंतर d मानले तर m/k = d/g. म्हणजे दोलनकाल २π√(d/g). हे सूत्र ओळखीचे वाटते ना? साध्या लंबकाचेच आहे. सीटवर बसल्यावर सायकल जितके सेंटिमीटर बसते, तितक्या सेंटिमीटर लांबीच्या लंबकाइतक्या ठेक्याने ती हिंदकळते!

आम्ही त्या मुलीबरोबर दुकानात गेलो. मागच्या चाकाच्या आसापासून सीटपर्यंतचे उभे अंतर आधी मोकळे मोजले, मग ती बसल्यावर मोजले. फरक ४.५ सेंमी आला. यावरून वारंवारता सेकंदाला २.३५. आता पायडलचा हिशेब करा. मिनिटाला ७० फेऱ्या, दर फेरीत उजव्या पायाचा एक दाब आणि डाव्याचा एक, म्हणजे मिनिटाला १४०, सेकंदाला २.३३. दोन्ही ठेके जुळले! झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलावे तसा पायाचा प्रत्येक दाब सायकलला हिंदकळवणार. यालाच आपण वर्गात अनुस्पंदन म्हणतो. सीट दाबून सोडली तर ती पाच वेळा खालीवर झाली. तेलाची नळी नव्हतीच, लाल रंगाच्या आत उघडी स्प्रिंग तेवढी होती.

दुकानदार भला माणूस. त्याने पाना घेऊन स्प्रिंगखालची चकती आवळून दिली आणि म्हणाला, "आता बघा, कडक झाली." पुन्हा मोजले तर सायकल दोन सेंटिमीटरच बसली. पण इथे फसायला होते. चकती आवळल्याने स्प्रिंग आधीच दाबून ठेवली जाते, तिचा स्थिरांक k बदलत नाही. m तेच, k तेच, तेव्हा ठेकाही तोच. म्हणून d मोजताना चकती सैल हवी. स्प्रिंग खरोखरच कडक घेतली, समजा एकच सेंटिमीटर बसणारी, तर ठेका सेकंदाला पाचवर जातो आणि पायडलशी जुळत नाही. पण मग ती खड्ड्यातही फारशी दबत नाही, नुसते वजन म्हणून सोबत फिरते.

आमचे मत यावर स्पष्ट आहे. अवमंदक असलेली, बेअरिंगांवर फिरणारी फुल सस्पेन्शन सायकल खडकाळ डोंगरवाटेवर हार्डटेलपेक्षा सरस आहे. मात्र ती महाग असते आणि आपल्या पावसाळ्यातल्या लाल चिखलानंतर तिची बेअरिंगे उघडून साफ करावी लागतात. परवडणार असेल आणि रोजची वाट तशी असेल, तर जरूर घ्यावी. पण हार्डटेलच्याच भावात मागची स्प्रिंग मिळत असेल, तर ते पैसे फ्रेम, ब्रेक, हब यांतून कापलेले असतात. त्या लाल सायकलचे ब्रेक आम्ही दाबून पाहिले, तेव्हा ते कुठून कापले होते हे कळले.

तिने हार्डटेल घेतली. त्यात जाड टायर बसत होते, ते बसवले. हवेचा टायर हेही एक सस्पेन्शनच आहे, आणि डनलॉपच्या १८८८ च्या पेटंटपासून सायकली त्यावर चालत आल्या आहेत. त्याच्या खाली स्प्रिंग-न-बांधलेले असे काही उरतच नाही. कच्च्या रस्त्यासाठी हवा थोडी कमी ठेवायची, मात्र इतकी नाही की दगडावर रिम टेकून ट्यूब दोन्ही बाजूंनी चिमटली जाईल.

वर्गात करून पाहायचे तर एवढेच साहित्य लागेल: मागे स्प्रिंग असलेली कोणतीही सायकल किंवा स्कूटर, फूटपट्टी, दोरा आणि एक जड नट. गाडी किती बसते ते मोजा, तेवढ्या लांबीचा लंबक करा (लांबी नटाच्या मध्यापर्यंत धरा) आणि शेजारी टांगा. एकाने सीट दाबून सोडावी, दुसऱ्याने त्याच क्षणी लंबक सोडावा. स्कूटरला अवमंदक असतो, त्यामुळे ती एखाद्या हेलकाव्यातच थांबेल आणि मोजायला काही उरणार नाही. ती का थांबली, हे मुलांनाच विचारा.