पावतीवर विसंबलेलं घर

सोयाबीनची भाकरी होत नाही. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात एखाद्या शेतकऱ्याच्या घरी दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागलेली असते, वेचलेला कापूस कोपऱ्यात साठलेला असतो, आणि त्याच घरात भाकरीची ज्वारी मात्र दुकानातून विकत आणलेली असते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मराठवाड्यात ज्वारी मागे हटली आणि तिच्या जागी सोयाबीन आलं. पाखरं राखायला माणूस नाही, काढणीला मजूर मिळत नाही, भाव तर मुळीच नाही. त्यामुळे पीक बदलणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण या बदलात घराचा एक आधार गेला. पूर्वी भाव पडला किंवा बाजार बंद राहिला तरी कणगीत धान्य असायचं. आता मोंढा, म्हणजे धान्यबाजार, थांबला की आठवड्याभरात चुलीपर्यंत झळ पोचते.

आर्थिक पडझडीसाठी घराने तयारी करायची, हे ऐकलं की अनेकांना तो परदेशातला विषय वाटतो. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकेतून आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त रक्कम काढायला बंदी केली होती. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, त्या वर्षी तिथले लोक पेट्रोल आणि गॅससाठी दिवसदिवस रांगेत उभे होते. आपल्याकडे असं काही होत नाही, अशी समजूत असते. गोदाकाठच्या गंगाखेडचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

१९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला लोक कलदार म्हणत आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब चाले. संस्थान भारतात विलीन झालं, काही वर्षं दोन्ही नाणी सोबत चालली, आणि १९५० चं दशक संपेपर्यंत हाली सिक्का व्यवहारातून गेला. म्हणजे गाव तेच, माणसं तीच आणि चलन मात्र बदललं, हे या भागातल्या आजच्या आजोबांच्या पिढीने लहानपणी पाहिलेलं आहे.

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याच्या आधीची वर्षंही बेताचीच गेली होती, त्यामुळे पेवं आधीच तळाला लागली होती. लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, रस्ते केले, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, मुलांनी सुकडीवर दिवस काढले. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना याच काळात विस्तारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या दुष्काळाने एक गोष्ट शिकवली. कुठेतरी धान्य आहे एवढ्याने घर तरत नाही. ते विकत घ्यायला हातात मजुरी लागते, नाहीतर धान्य आधीच घरात असावं लागतं.

८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी खरिपाचा माल मोंढ्यात येण्याच्या ऐन दिवसांत झाली. चलनातल्या सुमारे ८६ टक्के रकमेच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या. त्यातच १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली, आणि खेड्यातल्या शेतकऱ्याचं खातं तर बहुधा तिथंच असायचं. पुढे मार्च २०२० ची टाळेबंदी आली. तेव्हा पैसा होता, पण मजुरी नव्हती.

मात्र अलीकडचा आणि सर्वांत खोल घाव आहे तो २०२३ चा. गंगाखेडला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातली ज्ञानराधा मल्टिस्टेट ही पतसंस्था मराठवाड्यात शाखा पसरून बसली होती. ठेवीवर १२ ते १४ टक्के व्याज मिळत होतं. निवृत्त शिक्षकांनी निवृत्तीची रक्कम ठेवली, कोणी मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवले, कोणी विकलेल्या जमिनीचे. २०२३ च्या अखेरीस पैसे मिळणं बंद झालं आणि शाखांसमोर गर्दी जमली. नंतर ठेवीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले आणि सक्तवसुली संचालनालयाने तपास हाती घेतला. अडकलेल्या ठेवीदारांची संख्या लाखांत आहे. याच सुमारास बीडमधल्या इतरही काही मल्टिस्टेट संस्था अडचणीत आल्या.

यात ठेवीदारांचा लोभ शोधणं अन्यायाचं आहे. ज्या घरात पूर्वी धान्याच्या रूपात बचत असायची, तिथे पीक विकून आलेला पैसा कुठेतरी ठेवावाच लागतो. सरकारी बँकेत रांग, मराठीत नीट बोलणारा अधिकारी मिळेलच असं नाही. पतसंस्थेत ओळखीचा मुलगा चहा विचारतो आणि व्याजही जास्त देतो. मग धान्याची जागा ठेवपावतीने घेतली, आणि पावती बुडाली तेव्हा घरात दुसरं काहीच उरलेलं नव्हतं. म्हणून तयारी म्हणजे सगळा भरवसा एका ठिकाणी न ठेवणं. थोडं धान्यात, थोडं रोख, थोडं सुरक्षित ठेवीत आणि थोडं माणसांत.

सुरुवात धान्यापासून करावी, कारण ते सर्वांना जमण्यासारखं आहे. मोठ्या माणसाला महिन्याला साधारण दहा-बारा किलो धान्य लागतं. दोन लहान मुलं धरून पाच जणांच्या घराला पंचेचाळीस किलोच्या आसपास. रेशन कार्ड प्राधान्य गटाचं असेल तर माणशी ५ किलो म्हणजे २५ किलो मिळतं, अंत्योदय असेल तर घराला ३५ किलो. कार्ड केशरी असून ज्यांना शेतकरी कुटुंब म्हणून पूर्वी स्वस्त धान्य मिळत होतं, त्यांना मराठवाड्यात २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे येतात. म्हणजे अशा घराचं धान्य पूर्णपणे बाजारावर आलं. आधी पंधरा दिवसांचं जास्तीचं धान्य घरात असावं, मग महिन्याचं, आणि ऐपत असेल तर तीन महिन्यांचं.

हे एका दिवसात भरू नये. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू त्यानंतर. नवा माल आला की भाव उतरलेले असतात, तेव्हा घ्यावं. रोजमजुरीवरच्या घराने दर महिन्याला पाच किलो बाजूला काढली तरी नऊ-दहा महिन्यांत एका महिन्याची शिदोरी तयार होते. संकट आल्यावर दुकानावर धावणं हा मात्र अपराधच आहे. त्या दिवशी ज्याच्याकडे पैसा असतो तो पोती उचलतो, भाव चढतात, आणि शेवटच्या रांगेतली विधवा बाई रिकाम्या पिशवीने परत जाते.

साठवणुकीचं ज्ञान तर घराघरात आहे. चैत्र-वैशाखातलं कडक ऊन दाखवून, गार करून धान्य पत्र्याच्या कोठीत भरायचं, थराथरांत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा, तूरडाळीला एरंडेल चोळायचं. कोठी जमिनीवर न ठेवता फळीवर आणि भिंतीपासून जरा दूर ठेवायची. जुनं आधी काढायचं, नवं मागे सारायचं. कुरडया, पापड, सांडगे, खारवड्या हे उन्हाळी वाळवण म्हणजे भाजी महागल्यावरचा आधारच असतो. तेल फार काळ टिकत नाही, म्हणून ते दोन महिन्यांपेक्षा जास्त साठवू नये. मीठ आणि गूळ मात्र असू द्यावं. एक इशारा कळकळीने द्यायला हवा. धान्यातली कीड मारायच्या गोळ्या, ज्यांना लोक सल्फास म्हणतात, राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी थोडी जमीन घरापुरत्या ज्वारीला ठेवावी. कोरडवाहू एकरात तीन-चार क्विंटल ज्वारी निघाली तरी पाच जणांच्या घराचं निम्म्याहून अधिक वर्ष सरतं, शिवाय जनावरांना कडबा मिळतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने रब्बीसाठी परभणी मोती हे वाण दिलं आहे, आणि खरिपासाठी लोह व जस्त जास्त असलेलं परभणी शक्ती. विद्यापीठ जिल्ह्यातच आहे, बियाण्याची चौकशी तिथंच करता येते.

पाण्याचं गंगाखेडला वेगळं सांगायला नको. गाव गोदावरीकाठी असलं तरी मे महिन्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं यावर घराघरातलं वेळापत्रक ठरतं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं निदान आठवड्याचं पाणी झाकलेल्या भांड्यात असावं, सोबत निर्जंतुकीकरणाचं औषध असावं. एवढं पुरे.

पैशाचा भाग जरा किचकट आहे, पण तिथेच सर्वाधिक घरं बुडतात. पहिली गोष्ट, घरात निदान पंधरा दिवसांचा खर्च रोख असावा, तोही शंभर, पन्नास आणि वीसच्या नोटांत. मोबाइलवरून पैसे देणं सोयीचं आहे, पण २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये युपीआय काही तास बंद पडलं तेव्हा हातात नोट नसलेली माणसं दुकानासमोर उभीच राहिली. दुसरी गोष्ट, ठेव ठेवण्याआधी स्पष्ट विचारावं: ही बँक आहे की पतसंस्था? बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक असली तरी, विम्याने संरक्षित असते. एका बँकेतल्या सर्व शाखांतली रक्कम मिळून, व्याजासह, माणशी ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाखच होती. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येत होते, त्यावर उठलेल्या आक्रोशानंतर विम्याची मर्यादा वाढली. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था यांच्या ठेवींना हे संरक्षण नाही, मग दारावरची पाटी कितीही मोठी असो. पोस्टातल्या ठेवीमागे मात्र केंद्र सरकार उभं असतं. व्याज दोन-चार टक्क्यांनी कमी मिळालं तरी चालेल, मुद्दल परत यायला हवं. आणि प्रत्येक खात्याला वारसाचं नाव लावलेलं असावं.

सोनं हा मराठवाड्यातल्या बाईचा स्वतःचा आधार आहे आणि तो खरा आधार आहे, कारण ते तासाभरात तारण ठेवता येतं. हॉलमार्क आणि बिल जपून ठेवावं. तारण बँकेत ठेवावं. सावकाराकडे जावंच लागलं तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहावं. २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे आणि तिच्यात बळकावलेल्या जमिनीबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

तालुक्याच्या बालाघाटाकडच्या डोंगराळ भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल हेच त्यांचं वर्षाचं भांडवल आणि तेच त्यांचं कर्ज. गावात मागे म्हातारी माणसं आणि नातवंडं राहतात. निघण्याआधी त्यांच्यासाठी तीन महिन्यांचं धान्य, औषधं आणि थोडी रोख ठेवून जाणं, हीच या घरांची खरी तयारी. रेशन कार्डावर आता दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यातही धान्य उचलता येतं, म्हणून कार्ड कारखान्याच्या तळावर सोबत असू द्यावं.

आजारपण हीसुद्धा आर्थिक पडझडच असते, फक्त ती एकाच घरावर येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ती चालते, हे माणूस आजारी पडण्याआधी विचारून ठेवावं. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा २ लाखांचा अपघात विमा तर कोणीच सोडू नये. सातबारा, आठ-अ, आधार, रेशन कार्ड, पासबुकं, ठेवपावत्या आणि सोन्याची बिलं एका जाड प्लॅस्टिक पिशवीत, माळ्यावर ठेवावीत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात अनेक घरांत पाणी शिरलं, तेव्हा भिजलेल्या धान्याने जितकी, तितकीच भिजलेल्या कागदांनी माणसं हवालदिल झाली.

आणि माणसं. बचत गटातल्या बायका एकमेकींना कमी व्याजाने पैसे देतात, तेही कागदपत्रांच्या फेऱ्यांशिवाय. गटाने पैशासोबत थोडं धान्यही सामाईक ठेवलं तर गल्लीतलं एकही घर उपाशी राहणार नाही. जात्याशी जिचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या संत जनाबाईच्या गंगाखेडात हे जड जाऊ नये.

ज्यांच्या ठेवी अडकल्या आहेत त्यांनी मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नये. छायांकित प्रत द्यावी आणि पोचपावती घ्यावी. पैसे काढून देतो म्हणून आधी कमिशन मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. आणि शेत असेल तर एवढं ध्यानात ठेवावं: रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. घरापुरत्या ज्वारीचं रान त्याआधीच ठरवावं लागतं, आणि ते घरातल्या बाईला विचारून ठरवावं. महिन्याला किती पीठ लागतं याचा नेमका हिशेब तिच्याकडेच असतो.