एका तारखेचे तीन संत

आपल्याकडे संतांची जयंती असते, पण माणसांचा महापूर लोटतो तो त्यांच्या जाण्याच्या तिथीला. बीजेला देहूत, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत. ख्रिस्ती परंपरेतही बहुतेक संतांचा सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशीच येतो, आणि लॅटिनमध्ये त्या दिवसाला चक्क ‘जन्मदिवस’ म्हणतात. स्वर्गातला जन्म! वर्षं मागे पडतात, तारीख तेवढी उरते. मग आयुष्यात कधी न भेटलेली माणसं कॅलेंडरच्या एकाच चौकोनात शेजारी येऊन बसतात.

११ नोव्हेंबरचा चौकोन पाहा. त्यात सर्वांत प्रसिद्ध मार्टिन. आजच्या हंगेरीत जन्मलेला हा रोमन सैनिक. फ्रान्समधल्या आमियां शहराच्या वेशीवर थंडीनं कुडकुडणारा भिकारी दिसला, तेव्हा त्यानं तलवारीनं अंगावरचा झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. पुढे तो तूर शहराचा बिशप झाला. ३९७ साली ११ नोव्हेंबरला त्याचं दफन झालं. त्या झग्याला फ्रँक राजे इतके जपत, की लढाईलाही सोबत नेत. झगा म्हणजे ‘काप्पा’, त्याचं लाडकं रूप ‘काप्पेला’. तो जिथे ठेवला जाई, त्या जागेलाही तेच नाव पडलं. गोव्यात गावोगावी दिसणाऱ्या ‘चॅपेल’चं नाव त्या झग्यातून आलं आहे!

दुसरा मेनास, इजिप्तचा. तोही सैनिक, श्रद्धेपायी मारला गेलेला. त्याचा देह वाहणारा उंट एका जागी अडून बसला, म्हणून तिथेच त्याला पुरलं, असं परंपरा सांगते. अलेक्झांड्रियाजवळच्या त्या वाळवंटात मोठं तीर्थक्षेत्र उभं राहिलं. यात्रेकरू परतताना मातीची कुपी नेत. तळहातावर मावेल एवढी, चपटी, गळ्याशी दोन कान. पोटावर साच्यानं उमटवलेला मेनास, हात वर करून प्रार्थनेत उभा, आणि पायाशी दोन्हीकडे वाकलेले उंट. आपण गंगाजलाचा गडू आणतो तसंच हे. अशा कुप्या थेट इंग्लंडच्या मातीत सापडल्या आहेत. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी कोण कुठल्या वाटेनं एवढ्या लांब घेऊन गेलं असेल त्या?

तिसरा थिओडोर, कॉन्स्टँटिनोपलच्या स्टुडिओस मठाचा प्रमुख. सम्राटांशी भांडून तीनदा हद्दपार झालेला हा माणूस ८२६ साली याच तारखेला गेला. त्याच्या मठात पोथ्या नकलून घेत. रागाच्या भरात बोरू मोडणाऱ्या लेखनिकालाही तिथे प्रायश्चित्त होतं. ग्रीक लिपीतल्या छोट्या, जोडून लिहायच्या वळणाची तारीख असलेली सर्वांत जुनी पोथी ८३५ सालची आहे, आणि ती याच मठाशी जोडली जाते.

१४८३ साली जर्मनीतल्या आइसलेबेन गावात, जन्माच्या दुसऱ्या दिवशी, एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. तारीख ११ नोव्हेंबर होती, म्हणून नाव ठेवलं मार्टिन. आडनाव ल्यूथर.